न दुखणारा मार

अहो, तुमचा तेरावा झाल्यावर मी मशीनवरचं झाकण काढलं, बॉबीन भरली, तेल सोडलं, आणि तेवढ्यात तुमचा धाकटा भाऊ संतोष अंगणातून आत आला. हातात खाकी पॅन्ट. आता हरणीवर भावजी बसतात. यात्रेतल्या शर्यतीत बैलगाड्यांच्या पुढं घोडी पळवायचं तुमचं काम त्यांनी उचललं, हे तुम्हाला ठाऊक आहे. शेवटच्या आठवड्यात तुम्हीच लगाम त्यांच्या हातात दिला होता. त्यांनी पॅन्ट माझ्या पुढ्यात ठेवली आणि म्हणाले, "वैनी, सवडीनं हिचं आसन जरा ढिलं करून द्या. घोडीवर बसाया अडचण व्हतीया."

माझ्या हातातून कात्री पडली. तुम्ही असता तर म्हणाला असता, झाली बाईची फौजदारी सुरू. हो, झाली. कारण ह्याच उंबऱ्यात उभं राहून, ह्याच शब्दांत तुम्ही मला हेच सांगितलं होतं. एक शब्द इकडचा तिकडं नाही.

ती पॅन्ट मी घडी करून खणात टाकली. भावजींना म्हटलं, बघते. आणि तेव्हापासून तुमच्याशी बोलते आहे. लोक म्हणतात, गेलेल्याशी फार बोलू नये, त्याचा जीव अडकतो. अडकू दे थोडा. मला काही गोष्टी विचारायच्या आहेत.

पहिली गोष्ट, मी शिवणकाम करणारी बाई आहे हे तुम्ही विसरला होता का? पिंपरी पेंढारात अर्ध्या गावाची मापं माझ्या डोक्यात आहेत. पुरुषमाणसाची पॅन्ट ढिली करायला येते ती कमरेला. पोट सुटतं, कमर वाढते, मग आसन म्हणजे दोन मांड्यांमधला भागही थोडा सोडावा लागतो. दोन्ही बरोबरीनं चालतं. तुमचं उलटं चाललं होतं. कमरेला मी मागून चुणी घेत होते आणि आसन तेवढं सोडत होते. माणूस बारीक होतोय आणि पॅन्ट मधेच कमी पडतेय, हे कोणतं माप? माझ्या मनात पाल चुकचुकली. तुम्हाला विचारलं तर म्हणालात, "फौजदारीणबाई, कापड आटलंय."

कापड आटलं असेल, पण मग तुम्ही स्वतःच्या चड्ड्या स्वतः का धुवायला लागलात? ज्या माणसानं लग्नापासून कधी चहाचा कप विसळला नाही, तो सकाळी न्हाणीत बसून साबण घासतोय. त्या चड्ड्यांना आंबेहळदीचा वास. रात्री माझ्याकडं पाठ. मी हात टाकला तर तुम्ही तो उचलून बाजूला ठेवायचा, तोही हळूच, मला राग येऊ नये अशा बेतानं. आणि दर आठवड्याला पारगावला चक्कर. का, तर घोडीचं काम आहे. हरणी गोठ्यात उभी, कडबा खाते आहे, आणि तिचं काम पारगावला! कुठंतरी पाणी मुरतंय हे एखाद्या भोळ्या बाईलाही कळलं असतं, आणि मी तर जन्माची संशयी.

शेवटी एका सकाळी भाकरी थापता थापता विचारलंच. "कोण आहे ती?"

तुम्ही बशी खाली ठेवलीत. "कोण?"

"पारगावची."

मला वाटलं, आता घर डोक्यावर घेणार. तुमचा राग मला माहीत नव्हता का? हरणीला कुणी पाणी उशिरा दाखवलं तरी तुम्ही दिवसभर धुमसायचा. पण तुम्ही माझ्याकडं नुसतं बघितलंत आणि तुमचे खांदे खाली आले. ओझं उतरवल्यावर हमालाचे येतात तसे. मग म्हणालात, "तुला काय समजायचं ते समज."

अहो, तुम्ही नाही म्हणाला नाहीत. साधं "नाही" म्हणाला नाहीत. ह्याच एका गोष्टीसाठी मी तुम्हाला अजून माफ केलेलं नाही. रागावला असता, भांडला असता, ताट भिरकावलं असतंत, तरी मी पुढं काही विचारलं असतं. पण तुम्ही माझा संशय असा पदरात घेतलात, जसं कुणी पाहुण्यांनी आणलेला आहेर घेतं. बाईलवेडा म्हणवून घेणं तुम्हाला सोपं वाटलं. खरं सांगणं अवघड वाटलं.

मी पोरीला घेऊन येडगावला माहेरी गेले. जाताना शेजारी ऐकतील अशा आवाजात बोलले. तेवढं पुरलं. तुमची पारगावची बाई त्या दिवशी जन्माला आली आणि अजून जिवंत आहे. तेराव्याला बायका माझे डोळे पुसत होत्या आणि पदराआडून मांडवभर नजर फिरवत होत्या, ती आली आहे का म्हणून. एकीनं तर एका परक्या बाईला दोनदा निरखून बघितलं. ती बिचारी भांडी भाड्यानं देणाऱ्याची बायको होती.

येडगावला असताना मी रोज धरणाच्या पाण्यावर धुणं घेऊन जायची. तिथंच मी तुम्हाला पहिल्यांदा बघितलं होतं, आठवतं? आमच्या गावची यात्रा होती आणि तुम्ही घोडी धुवायला पाण्यावर आणली होती. हरणीच्या आधीची, पांढऱ्या पायाची. अंग धुऊन झाल्यावर तुम्ही खाली बसलात आणि एकेका पायावरून दोन्ही हात वरून खाली फिरवत आलात. डोळे मिटून. मी धुणं थांबवून विचारलं होतं, "काय हरवलंय का?" तुम्ही डोळे न उघडता म्हणालात, "काय न्हाई. रोजचा पाय कसा लागतो ते हाताला ठावं पायजे. म्हंजे वायलं कायी लागलं की लगीच कळतं." त्या हातांवर मी भाळले. चेहरा तर मी नंतर बघितला.

तुम्ही मला न्यायला आलात ते त्याच पाण्यावर. गाडीवरून उतरलात आणि तसेच गाडीला टेकून उभे राहिलात, चढण चढून आल्यासारखे धापा टाकत. मला वाटलं, नाटक आहे. तुम्ही म्हणालात, "चल घरी. तसलं काय न्हाई." एवढंच. मग कसलं आहे, ते नाही. मी आले, पण विश्वास घेऊन आले नाही. घरी आल्यावर तुमच्या खोकल्याचासुद्धा मला संशय यायचा की तो तुम्ही मुद्दाम काढता, मी बोलू नये म्हणून.

मला खरं कळलं ते नालबंद चाचांकडून. जुन्नरहून चाचा हरणीला नाल मारायला आले होते, तुम्ही नेमके पारगावला. मी चहा दिला आणि सरळ विचारलं, "चाचा, तुम्ही गावोगाव फिरता. पारगावला कोण आहे हो ह्यांची?"

चाचांनी कप खाली ठेवला. बराच वेळ नाल उलटसुलट करून बघितला. मग म्हणाले, "भाभी, तौबा. बाई-बिई काय न्हाई. तितं एक लेप देनारा हाय, त्याच्याकडं जातो तो. मार लागलाय त्याला. घोडीचा." आणि मान दुसरीकडं वळवून, "खाली. मर्दाच्या जागी."

"किती दिवस झाले?"

"लई दिवस झाले. मी त्याला बोललो दवाखान्यात जा. हसला माझ्यावर. घाटात समद्यांना म्हाईत हाय."

समद्यांना! म्हणजे बैलगाडे पळतात त्या घाटात जमणाऱ्या प्रत्येक घोडीवाल्याला, गाडामालकाला, चहाच्या टपरीवाल्याला माझ्या नवऱ्याच्या अंगावरची ती गाठ माहीत होती. फक्त जिच्या शेजारी तुम्ही निजत होता तिला माहीत नव्हती. नंतर मी सगळं काढून घेतलं चाचांकडून. तुमच्या मंडळींचा एक कायदाच होता म्हणे. घोडीच्या पाठीवर उधळत जाणाऱ्याला तिथं मार बसणारच. सूज येणारच. ज्याला आली नाही तो कसला घोडीवाला? आंबेहळद लावा, लंगोट आवळा, पुढच्या यात्रेपर्यंत बसतो. जुन्या घोडीवाल्यांनी तुम्हाला हसत सांगितलं की आम्हालाही होतं, असतंच ते. आणि तुम्ही ते मिरवलंत. तुमच्या टोळीत ते नेहमीचं ठरलं, म्हणून तुमच्या अंगालाही नेहमीचं ठरलं.

पण एक सांगा. मार दुखतो. हरणीनं एकदा तुमच्या पायावर खूर ठेवला तेव्हा तुम्ही गल्ली गोळा केली होती. हा कसला मार, जो लागला कधी ते आठवत नाही, आणि दुखत नाही, आणि वाढत जातो? तुम्हाला एकदाही संशय आला नाही? तुमच्या वाटणीचाही संशय मीच घ्यायचा होता, आणि मला तुम्ही भलत्याच दिशेला पाठवलंत.

चाचांकडून कळल्यावर मी तुम्हाला हट्टानं पुण्याला नेलं. तिथल्या दवाखान्यात डॉक्टरबाई बघून तुम्ही उठून चालायला लागलात. मी दारात आडवी उभी राहिले. बाईंनी पडदा ओढला, तपासलं, आणि बाहेर येऊन विचारलं, "कधीपासून आहे?"

"झालं आसंल थोडं," तुम्ही म्हणालात.

बाईंनी माझ्याकडं बघितलं. मी म्हणाले, "दिवाळीच्या आधी आसन ढिलं केलं. त्याच्या आधी कधीतरी." त्यांना आसन म्हणजे काय ते मला समजावून सांगावं लागलं. त्यांनी ते कागदावर लिहून घेतलं.

मग सोनोग्राफी, रक्त, छातीचा फोटो. अंडाची गाठ होती आणि ती कॅन्सरची होती. पोटात पसरली होती, छातीत पोचली होती. तो खोकला नाटकाचा नव्हता. डॉक्टरबाई म्हणाल्या, "हा आजार तरुण माणसांनाच जास्त होतो. वेळेवर आलेले बहुतेक जण बरे होऊन घरी जातात. तुम्ही लवकर का नाही आलात?" तुम्ही म्हणालात, "दुखत नव्हतं." त्या म्हणाल्या, "ह्यात बहुतेकांना दुखत नाही. न दुखणारी गाठ जास्त संशयाची."

संशयाची! आयुष्यभर ज्या शब्दावरून तुम्ही मला चिडवलंत, तो त्या बाईंच्या तोंडून ऐकताना तुमचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. मला हसू आलं. तुम्हालाही आलं. एवढं मोठं सांगितल्यावर आपण दोघं वेड्यासारखे हसतोय, आणि बाई चष्मा काढून बघताहेत. ते हसू मी जपून ठेवलं आहे.

ऑपरेशन झालं, सलाइनमधून औषधं झाली. मशीनवर बसणारी मी तुमच्या उशाशी बसायला शिकले. त्या दिवसांत तुम्ही माझ्याकडं एकदाही पाठ केली नाहीत. अंग पुसू दिलंत, सगळं बघू दिलंत. एकदा म्हणालात, "आता काय झाकायचं." त्या दिवसांसाठी मी तुमची ऋणी आहे. खरंच आहे. पण तुमचे केस धुताना मी विचारायची, तुम्हाला कळलं कधी? मार नाही, दुसरं काही आहे, हे कधी कळलं? तुम्ही छताकडं बघायचा. माझा संशय आहे की तुम्हाला माहीत होतं. घोडीच्या पायात ज्वारीच्या दाण्याएवढं काही आलं तरी ज्या हाताला कळायचं, त्या हाताला स्वतःचं कळलं नसेल, हे मला पटत नाही. येडगावला न्यायला आलात तेव्हा सांगायला आला होता ना? आणि पाण्याकडं बघून परत मूग गिळलेत. हो म्हणा किंवा नाही म्हणा. आता काय, कुणीच सांगणार नाही.

लोकांना आपण फुप्फुसाचा कॅन्सर सांगितला. तो शब्द चालतो. सांत्वनाला आलेले म्हणायचे, तंबाखूनं घात केला. तुम्ही सुपारीसुद्धा खात नव्हता. मी मान डोलवायची आणि समोरचा प्रत्येक पुरुष कसा बसलाय ते बघायची. कोण पाय फाकवून बसतो, कोण सारखा कूस बदलतो, कोण उठताना हळूच पॅन्ट ओढतो. माझ्याकडं बघून त्यांना वाटत असेल, बाई दुःखानं खाली बघते आहे.

आणि अशात भावजींची खाकी पॅन्ट.

डॉक्टरबाईंनी मला जाताना सांगितलं होतं, सख्खा भाऊ असेल तर त्याला शिकवा, सख्ख्या भावाला धोका जरा जास्त असतो. शिकवा म्हणजे काय? वहिनीनं दिराला? आपल्याकडं वहिनी दिराची चेष्टा करते, पाहुण्यांसमोर टोमणे मारते, त्याच्यासाठी मुली बघते. हे कुठल्या नात्यात बसवायचं? मी ते चार दिवस पुढं ढकललं. पण भावजी खुर्चीत बसले तरी माझी नजर तिथंच जायची, आणि ती त्यांच्या लक्षात यायला लागली. ते अवघडून उठून जायचे. त्यांनाही आता माझ्याबद्दल काय संशय आला असेल, देव जाणे.

म्हणून एका सकाळी मी गोठ्यात गेले. भावजी हरणीच्या पायाशी बसले होते. तुमच्यासारखेच, वरून खाली हात फिरवत.

मी विचारलं, "काय बघताय?"

"काय न्हाई. रोजचं. दादानं लावलेली सवं हाय."

"रोज बघून काय कळतं?"

"रोजचा पाय हाताला ठावं आसला की..." ते बोलता बोलता थांबले. तुमचंच वाक्य तोंडात आलं होतं त्यांच्या.

मी हरणीच्या ह्या बाजूला उभी राहिले, ते त्या बाजूला. मी तिच्या मानेकडं बघून बोलले. म्हटलं, "भावजी, गरम पाण्यानं अंघोळ झाली की तिथली कातडी सैल असते. तेव्हा तुमचं तुम्ही बघायचं. एकेक करून. अंगठा आणि बोटांत धरून हळू फिरवायचं, दाबायचं नाही. एक जरा मोठं, एक जरा खाली, असं असतंच. मागच्या अंगाला मऊ दोरीसारखं लागतं, तेही असतंच. खडा लागला, कडक लागलं, जड वाटलं, मागल्या महिन्यापेक्षा वेगळं वाटलं, की दवाखाना. दुखो नाहीतर न दुखो."

हरणीनं शेपूट झटकली.

"वैनी, ह्ये तुमी सांगताय मला?"

"मग कोण सांगणार? घाटातली मंडळी?"

मग अगदी बारीक आवाजात, "दादाला बी आसंच...?"

"तुमच्या दादाला छातीचा नव्हता. तिथून गेला छातीत."

भावजींना हे माहीत नव्हतं, अहो. सख्ख्या भावाला. त्यांनाही तुम्ही घोडीचा मारच सांगितला होता, आणि ऑपरेशन त्याचंच झालं असं ते धरून चालले होते. ते हरणीच्या पोटाला कपाळ लावून उभे राहिले. मध्ये घोडी होती म्हणून बरं, आम्हाला एकमेकांची तोंडं दिसली नाहीत. जाताना त्यांनी विचारलं, "मग आसनाचं?"

"आधी डॉक्टर. मग आसन."

दुसऱ्या दिवशी अंघोळ करून आले ते घाबरून. दाराबाहेरूनच म्हणाले, "वैनी, मागं दोरी लागतीया." मी म्हटलं, "अहो ती असतेच, सांगितलं ना!" आणि तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा मला मोठ्यानं हसू आलं. तरी त्यांना नारायणगावला पाठवलंच. सोनोग्राफी करून आले, सगळं नीट आहे म्हणाले. मी विश्वास ठेवला नाही. नीट आहे म्हणणारा एक पुरुष ह्या घरात होऊन गेलाय. डॉक्टरांना फोन लावायला लावला आणि त्यांच्या तोंडून ऐकलं, तेव्हा खणातून पॅन्ट काढली. भावजी तुमच्यापेक्षा मांडीला जाड आहेत, तेवढंच कारण होतं.

त्या पॅन्टचं आसन उसवून पुन्हा शिवत मी खिडकीशी बसले होते तेव्हा अंगणात एक घोडीवाला आला, ओतूरकडचा, पुढच्या यात्रेचं ठरवायला. खुर्चीत बसला आणि बसल्या बसल्या सरकला. माझं मशीन थांबलं. मी तोंड उघडायच्या आत भावजींचा आवाज आला.

"काय झालं रं?"

"काय न्हाई राव. घोडीचा मार. बसंल."

"दुखतोय का?"

"न्हाई ना. दुखत आसता तर आलोच नसतो."

"मग ऊठ. गाडी काढतो. माझ्या दादाला बी दुखत नव्हतं." आणि मग भावजी असे बोलले की गल्लीतल्या ओट्यावरच्या बायकांनीसुद्धा माना वळवल्या. "आंडाला गाठ व्हती त्याच्या. कॅन्सरची. मार म्हणत म्हणत गेला त्यो. पारगावला बाई नव्हती कुनी, लेप लावाया जायाचा."

ते दोघं गाडीवरून गेले. ओतूरकडचा तो गडी पुढं सरकून, एका बाजूला कलून बसला होता. त्याचं काय निघेल मला माहीत नाही. लवकर निघालाय, एवढंच खरं. मी मात्र मशीनवर डोकं टेकून रडले, भर दुपारी, दार उघडं टाकून. जे "नाही" मी तुमच्याकडं मागत होते, ते तुमच्या भावानं भर अंगणात मोठ्यानं म्हटलं.

खाकी पॅन्ट दिली. मग तुमची काढली, ती शेवटची, जिचं आसन मी सोडत गेले होते. घालायला कुणी नाही. तरी मी तिची शिवण उसवली, मागच्या चुण्या मोकळ्या केल्या, आणि आसन आत घेतलं. लग्नाच्या वर्षी तुमचं माप घेतलं होतं, ते माझ्या बोटांना अजून पाठ आहे. पॅन्ट आता त्या मापाची आहे. तुमच्या नेहमीच्या.